लग्नपत्रिकेचं अक्षर: सौंसरमधला एक दिवस

पहाटे साडेपाच

चैत्र-वैशाखात सौंसरला हात स्थिर ठेवून करायचं काम सकाळी आठाच्या आत उरकावं लागतं. पुढे ऊन चढतं, तळहाताला घाम येतो आणि शाई कागदावर फुटते. म्हणून चहा झाला की मी मागच्या खोलीत खिडकीशी पाट मांडते आणि बोरू कापायला घेते. बांबूची कामटी बुरडाकडून येते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहत असल्यानं बांबूची ददात नाही. टोक चपटं तासायचं, मधोमध चीर द्यायची आणि शेवटचा काप तिरपा घ्यायचा.

हा तिरपा कापच सगळं ठरवतो. नागरीचं टोक इंग्रजीच्या उलट्या कलानं कापतात. इंग्रजीत उजवीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते, नागरीत तीच बारीक येते, आणि डावीकडे खाली येणारी रेघ भरते. 'र' लिहून पाहा. त्याचा पाय अगदी बारीक निघतो आणि टेकता टेकता भरतो. 'अ', 'क', 'व' यांच्या पोटांतही जाडी तशीच कलती फिरते. नागरी अक्षराचा तोल या कलात आहे. तो बदलला की अक्षर ओळखू येतं, वाचताही येतं, पण ते परकं वाटतं.

सकाळच्या दोन तासांत मी नवं काही करत नाही. पत्रिकेत नेहमी येणारे शब्द लिहिते: श्री, शुभविवाह, सोहळा, आशीर्वाद, वऱ्हाडी मंडळी, निमंत्रक. एकच शब्द पानभर. त्यातला एखादा चांगला उतरला की त्याला पेन्सिलीनं गोल करते आणि पान फायलीत ठेवते. दुकानात पत्रिका, मानपत्रं, निमंत्रणं यांची जुळणी मी करते, छपाई हे सांभाळतात. त्याच्याच जोडीला गेली काही वर्षं मी एक फाँट तयार करते आहे. रोजच्या मजकुराचा नाही, प्रसंगाचा. वधूवरांची नावं, मानपत्राचा मथळा, निमंत्रणाची पहिली ओळ, एवढ्यापुरताच तो वापरायचा. घरात त्याला अजून नाव नाही, नुसतं 'पत्रिकेचं अक्षर' म्हणतो. फायलीतली गोल केलेली अक्षरं म्हणजे त्याचा कच्चा माल.

सकाळी साडेनऊ

नागपूरहून छिंदवाड्याला जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. दुकान उघडेपर्यंत रामाकोन्याकडून आणि लोधीखेड्याकडून येणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू झालेली असते. अक्षय तृतीयेच्या आधीचे हे दिवस पत्रिकांचे. कोरी कार्डं नागपूरच्या ठोक बाजारातून आणतो, आणि भिंतीवर लावलेल्या नमुन्यांतून गिऱ्हाईक एक निवडतं. बहुतेक लोक कार्डाचा रंग आणि वरचा गणपती बघण्यात अर्धा तास घालवतात आणि अक्षराला एक मिनिट देतात. मला हे पटत नाही. गणपती सगळ्यांच्या पत्रिकेवर सारखाच असतो. त्या घरचं असं पत्रिकेवर फक्त नाव असतं.

आज पहिले आले ते मोहगावचे एक शेतकरी, सोबत मुलगी. मुलीचंच लग्न.

"ताई, अक्षर असं पायजे का पत्रिका हातात घेतली का लग्नघर वाटलं पायजे. पन माह्या मायले चष्म्याबिगर वाचता बी आलं पायजे."

प्रसंगाच्या अक्षराची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. मुलीनं मग मोबाइल पुढे केला. नागपूरच्या कुण्या मैत्रिणीची इंग्रजी पत्रिका होती. नावं झुकलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या, लांब शेपट्यांच्या अक्षरांत.

"ताई, हेच अक्षर मराठीत भेटते का?"

हा प्रश्न दर हंगामात येतो, आणि मी त्याचं उत्तर घाईत देत नाही. त्या इंग्रजी अक्षराला फार मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात चार्ल्स स्नेल नावाचा सुलेखन शिकवणारा एक मास्तर होता. त्याचं कित्त्याचं पुस्तक १६९४ मध्ये निघालं. त्याच्या गोलाईदार हस्ताक्षरावरून मॅथ्यू कार्टरनं १९६०च्या दशकात 'स्नेल राउंडहँड' हा टाइप काढला. तोवर शिशाच्या खिळ्यांत अशी जोडून वळणारी अक्षरं करणं फार जिकिरीचं होतं. प्रत्येक अक्षर वेगळ्या तुकड्यावर, एकाची शेपटी दुसऱ्याच्या अंगावर टाकायची तर ती तुकड्याबाहेर लोंबती ठेवावी लागे आणि छापताना मोडे. फोटोवरून जुळणी करायचं तंत्र आलं आणि अक्षरं एकमेकांना खरोखर टेकू लागली. पुढे १९९८ मध्ये हेरमान झाफचा 'झाफिनो' आला. त्यात एकाच अक्षराची अनेक रूपं आहेत, आणि शेजारी कोण आहे ते बघून त्यातलं एक निवडलं जातं. म्हणजे जे अक्षर त्या मुलीला मोबाइलवर आवडलं, त्याच्यामागे तीनशे वर्षांचा हात होता, आणि तो हात टोकदार, लवचीक लेखणीचा होता. खाली येताना दाब द्यायचा, वर जाताना हलका सोडायचा.

नागरीला हीच रीत लावली की काय होतं, ते मी तिला कागदावर दाखवलं. दाबानं दंड जाड झाले, आणि दाब नसल्यानं शिरोरेषा केसासारखी बारीक झाली. नागरीत तर सगळा भार शिरोरेषेवर असतो, अक्षरं तिच्यावरूनच खाली येतात. वर आणखी अक्षर उजवीकडे झुकवलं की दंड तिरपे आणि शिरोरेषा आडवी, मात्रा आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. बाजारात असे झुकते शोभिवंत फाँट आहेत आणि ते खपतातही. पण त्यांत लिहिलेलं आडनाव आजीला चष्मा लावूनही लागत नाही.

मग सकाळच्या फायलीतला 'शुभविवाह' तिच्यापुढे ठेवला. सरळ उभा, कलत्या बोरूचा, शेवटच्या 'ह'चं टोक तेवढं लांबवलेलं. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे आपलं वाटते." वडिलांनी मान डोलावली. त्यांचं काम घेतलं.

सकाळी साडेअकरा

मजकूर तपासायची वेळ. आमच्या बोलीत 'मॅटर'. हल्ली तो व्हॉट्सॲपवर येतो, पण निम्मे लोक अजून वहीच्या पानावर लिहून आणतात आणि मला तेच आवडतं, कारण नावातला ऱ्हस्व-दीर्घ घरच्या माणसाच्या हातचा असतो.

सौंसरची पत्रिका एका बाजूनं मराठी आणि दुसऱ्या बाजूनं हिंदी असते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक मात्र काटोल, सावनेर, नागपूर अशीच होत राहिली. त्यामुळे अर्धे पाहुणे मराठी वाचणारे, अर्धे छिंदवाडा-बैतुलकडचे हिंदी वाचणारे. लिपी दोन्हीकडे एकच, आणि म्हणूनच अक्षराचा कस इथं लागतो तसा पुण्या-मुंबईत लागत नाही.

मराठी 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. हिंदीत दोघांचीही रूपं वेगळी. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली तेव्हा याच रूपांना मान्यता दिली. तो निर्णय आमच्या राज्यात लागू नाही. पण पत्रिकेवर 'मंगल' मधला 'ल' हिंदी वळणाचा आला तर इथली म्हातारी माणसं बोट ठेवून विचारतात. 'ळ'चं त्याहून अवघड आहे. हिंदीसाठी केलेल्या अनेक शोभिवंत फाँटांत 'ळ' असतो, पण उरकून टाकलेला, दोन्ही पोटं ओबडधोबड. आमच्याकडे तर 'सोहळा', 'कुळदैवत', 'बाळगोपाळ', 'काळे' आणि जामसांवळी! इथून जवळच पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाचं ते ठाणं, आणि माझ्याकडे येणारी बरीच कुटुंबं पहिली पत्रिका त्याच्यापुढे ठेवतात. त्या गावाचं नाव मराठी बाजूला 'ळ'नं येतं, हिंदी बाजूला 'ल'नं. एकाच कार्डावर दोन्ही, आणि दोन्ही सारख्याच देखण्या अक्षरांत यायला हवीत.

'वऱ्हाडी' हा शब्द मी परीक्षेचा शब्द मानते. त्यातला अर्धा 'र' 'ह'च्या आधी शिरोरेषेला लागून आडवा येतो. तो डोक्यावर चढला तर रफार झाला आणि शब्द चुकला. हिंदीत ही खूण नाही, म्हणून हिंदीपुरत्या फाँटात तिचा विचारच झालेला नसतो. 'नवऱ्या मुलीचे मामा', 'दुसऱ्या दिवशी', 'साऱ्यांनी यावे': पत्रिकेत हा अर्धा 'र' पावलोपावली येतो.

आज पाच पत्रिकांचं मॅटर वाचलं. तिघांनी पत्त्यात अजून 'जि. छिंदवाडा' लिहिलं होतं. पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, सौंसर त्यात गेलं, तरी हाताची सवय जायला वेळ लागतो. विचारून दुरुस्त केलं. एक पत्रिका बौद्ध कुटुंबाची होती, तिथं 'चि.' आणि 'सौ.कां.'च्या जागी दोन्हीकडे 'आयु.'. एक गोंड कुटुंबाची, तिच्या माथ्यावर 'जय सेवा'. माझ्या फाँटात 'श्री'चं खास रूप मी सगळ्यांत आधी केलं होतं. 'जय सेवा'साठीही 'ज' आणि 'व'चं तेवढंच निगुतीचं रूप करायला घेतलं आहे. मान ज्याच्या त्याच्या देवाला आणि ज्याच्या त्याच्या अभिवादनाला सारखाच मिळाला पाहिजे. प्रसंगाचं अक्षर करणाऱ्याचं हे कर्तव्यच आहे.

दुपारी दीड

भाकरी, वांग्याची भाजी, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेलं. अर्धा तास डोळे मिटून पडते.

दुपारी दोन ते साडेपाच

रस्ता ओस पडतो. कूलरच्या आवाजात फाँटाचं काम चालतं. सकाळी बोरूनं काढलेली अक्षरं स्कॅन करायची आणि फाँटफोर्ज या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची बाह्यरेषा आखायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथं कागदावरचं अक्षर फक्त गिरवायचं. खरं काम निवडायचं आहे. बोरूचा कंप ठेवायचा की काढायचा? सगळा काढला तर अक्षर यंत्राचं होतं, सगळा ठेवला तर मोठ्या आकारात मळकट दिसतं. मी टोकांवरचा कंप ठेवते आणि पोटातला काढते. लेखणी टेकली कुठं आणि उचलली कुठं, हे टोकांवरून डोळ्याला कळतं.

इंग्रजी फाँट अडीच-तीनशे खुणांत भागतो. नागरीला जोडाक्षरं धरून सात-आठशे लागतात. पत्रिकेपुरतं म्हटलं तरी 'श्री', 'ज्ञ', 'क्ष', 'त्र', 'द्ध', 'द्व', 'ष्ठ', 'ह्म', 'ण्ण' यांच्यावाचून चालत नाही. 'सिद्धार्थ', 'ज्ञानेश्वर', 'ब्रह्मानंद' ही नावं रोजची आहेत. पहिल्या वेलांटीचीच कितीतरी रूपं करावी लागतात. 'रि'मध्ये तिची कमान आखूड हवी आणि 'क्षि'मध्ये लांब, नाहीतर ती अक्षराच्या दंडापर्यंत न पोचता अधांतरी थांबते. रोजच्या फाँटात एवढं कुणी पाहत नाही. पण पत्रिकेवर 'किशोर' बोटाएवढ्या उंचीचं छापलं जातं, तिथं अपुरी वेलांटी लगेच डोळ्यांवर येते.

जोडणीचा प्रश्न आमच्या छपाईला पहिल्या दिवसापासून आहे. गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये पंचांग छापलं ते शिळेवर, हातानं लिहिलेलं. जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं पुढे जे शिशाचे टाइप पाडले, त्यांचा लौकिक देशभर झाला. शिशात काना-मात्रा वेगळ्या तुकड्यांवर घ्यायच्या तर डिग्री टाइप, आणि मात्रेसकट पूर्ण अक्षर एकाच तुकड्यावर तर अखंड टाइप. अखंड टाइपाला शेकडो खणांची केस लागे. कुठलाही घ्या, दोन खिळ्यांच्या मधे शिरोरेषेत बारीकशी फट पडायचीच. संगणकावर ती फट गेली. एका अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराखाली थोडी सरकवायची की झालं. शिशातून सुटल्यावर इंग्रजीवाल्यांना जे मिळालं तेच आपल्यालाही मिळालं. त्याचा उपयोग आपण मुख्यतः रोजच्या वाचनाच्या फाँटांसाठी केला, आणि तो चांगला केला. विंडोजमधला 'मंगल' र. कृ. जोशींचा. १९३६ ते २००८ एवढ्या आयुष्यात त्यांनी कविता केल्या, जाहिरातसंस्थेत काम केलं, पवईच्या आयआयटीत शिकवलं आणि भारतीय लिप्यांचे फाँट घडवले. प्रसंगाच्या अक्षरात मात्र आपण मागे आहोत असं माझं ठाम मत आहे.

मागे आहोत, पण हात रिकामे नाहीत. माझ्या पडद्यावर सतत उघडा असतो तो 'जैनी' हा फाँट. एक टाइप या मुंबईच्या गटातल्या गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे यांचा. १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या जैन हस्तलिखितातल्या अक्षरावरून त्यांनी तो बेतला. त्यात झुकाव नाही, शेपट्यांचा सोस नाही. बोरूच्या टोकाची जाडी मात्र अशी भरगच्च उतरली आहे की एक शब्द लिहिला तरी समारंभ वाटतो. सोहळ्याचं अक्षर आपल्याच लेखणीतून निघू शकतं याचा तो पुरावा आहे. शिवाय तो मुक्त परवान्याचा आहे, म्हणजे माझ्यासारखीला तो उघडून आतली रचना बघता येते. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन श्मिट यांनी केलेला 'यात्रा वन' हाही असाच शिकण्याचा फाँट. तो कुंचल्याचा आहे, माझा बोरूचा. पण हत्याराशी प्रामाणिक राहायचं म्हणजे काय, ते तो शिकवतो.

आज दुपार गेली शेपट्यांवर. शब्द संपला की शेवटच्या अक्षराचा दंड खाली थोडा वळवून लांबवायचा, हा नियम फाँटात आधीच लिहिलेला आहे. पुढे मोकळी जागा आली की फाँट आपणच ते रूप निवडतो. पण 'चि.' आणि 'सौ.कां.' यांच्यापुढे टिंब येतं, आणि टिंबाच्या अंगावर शेपटी गेली तर ती 'चि.' ची मात्रा की काय असं वाटतं. म्हणून टिंबापुढे शेपटी नाही, स्वल्पविरामापुढे नाही, आणि शेवटच्या अक्षराला उकार असेल तरीही नाही, कारण उकाराचं वळण स्वतःच पुरेसं आहे. नियमांत नियम जोडत संध्याकाळ झाली. शोभा कुठं थांबवायची हे ठरवण्यात सगळ्यांत जास्त वेळ जातो. माझा दंडक असा: एका कार्डावर एकच मोठं वळण, तेही नावाच्या शेवटी. नावाच्या पोटात कधीच नाही.

संध्याकाळी सहा

पेंटरकाका येऊन टेकतात. साऱ्या तालुक्यातल्या शाळांच्या, दुकानांच्या, देवळांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या. फ्लेक्स आला आणि ब्रश सुटला, पण नजर सुटलेली नाही. मी छापून ठेवलेली पानं ते डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघतात.

"हा रफार पाय. पुढच्या कान्यावर कलंडून राह्यला. थोडा मागं घे, अन् उघडा कर."

शब्द होता 'आशीर्वाद'. 'र्वा'वरचा रफार कान्यावर यायला हवा, पण तो कान्याच्याही पुढे झुकला होता. दोन टोकं हलवली, पुन्हा छापलं. त्यांनी नुसतं "हां" म्हटलं. त्या "हां"साठी मी थांबलेली असते.

कमल शेडगे यांचं नाव काकांच्या तोंडी नेहमी असतं. मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचं नाव प्रत्येक वेळी नव्यानं, हातानं काढणारे शेडगे. १९३५ ते २०२० हा त्यांचा काळ. काकांचं म्हणणं, एका नाटकासाठी केलेलं अक्षर दुसऱ्याला चालत नाही, मग एकच फाँट सगळ्यांच्या लग्नाला कसा चालेल? प्रश्न रास्त आहे. हातानं काढलेल्या नावाची सर फाँटाला येणार नाही. पण बोरगावच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या माणसाचं मानपत्र उद्या सकाळी हवं असतं, आणि मजुरी करणाऱ्या बापाला मुलीच्या पत्रिकेसाठी सुलेखनकाराला वेगळे पैसे देणं परवडत नाही. अशांच्या हातीही चांगलं अक्षर पडावं म्हणून फाँट करायचा. तो मुक्त परवान्यावरच देणार, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं.

रात्री साडेसात

छपाई. बटर पेपरवर काढलेला मजकूर, जाळीवर चढवलेला थर, दिव्याखाली धरून पाण्यानं धुतला की अक्षरं मोकळी होतात. मग शाई आणि स्क्वीजी. आमची पत्रिका बहुतेक सोनेरी शाईत लागते, आणि सोनेरी शाईचे कण जाड असतात. बारीक रेघ जाळीत बुजते किंवा तुटते. पडद्यावर नाजूक दिसणारा 'र'चा पाय कार्डावर अर्धाच उमटतो. म्हणून छोट्यात छोट्या आकारातही रेघ पाऊण पॉइंटाखाली जाऊ द्यायची नाही, हे ह्यांनी मला सांगितलं आणि त्यानुसार सगळ्या अक्षरांच्या बारीक जागा मी भरल्या. इंग्रजी 'स्नेल'सारख्या केसासारख्या रेघा आमच्या यंत्राला झेपत नाहीत. बोरूच्या अक्षराची बारीक रेघही अंगानं धट्टीकट्टी असते. जे डोळ्याला पटलं होतं ते जाळीनंही खरं ठरवलं.

आज मोहगावच्या मुलीच्या पत्रिकेचा पहिला नमुना काढला. गर्द लाल कागदावर दोन नावं, शेवटी एक वळण. पाऊण हातावरून स्वच्छ वाचता येतं. सकाळी घेऊन जातील.

रात्री साडेनऊ

झोपण्याआधी तासभर मोडी. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासूनचे मोडी कागद या भागात अनेक जुन्या घरांत आहेत. जमिनीचे, देण्याघेण्याचे, पत्रव्यवहाराचे. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत जातात. काना पायापासून वर चढतो, उकार पुढच्या अक्षरात शिरतो. इंग्रजीला जोडून लिहायचं वळण आहे आणि मराठीला नाही, असं कुणी म्हणालं तर मी त्याला मोडीचा कागद दाखवते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे वळण वापरात होतं. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचा ओघ देवनागरीत आणला आणि त्याला मुक्तलिपी म्हटलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ पासून युनिकोडमध्येही मोडीला जागा आहे.

माझ्या फाँटात मोडीची अक्षरं नाहीत. आज ती फार थोड्यांना वाचता येतात, आणि पत्रिका वाचता आलीच पाहिजे. मी मोडीतून फक्त हाताची गती घेते: शेवटचा दंड कुठल्या बाजूला वळावा, उकार किती खोल जावा, कान्याचं टोक कसं सुटावं. ही वळणं इंग्रजी कित्त्यातून उचलण्याचं कारणच नाही. आपल्याच दफ्तरांत ती पडून आहेत.

वाचकांना दोन गोष्टी मागते. घरात कार्य निघालं की मॅटर देण्याआधी छापखान्यात 'सोहळा', 'वऱ्हाडी' आणि तुमच्या घरातलं सगळ्यांत अवघड जोडाक्षराचं नाव छापून दाखवायला सांगा. 'ळ' नीट आहे का, अर्धा 'र' जागेवर आहे का, 'ल' आणि 'श' आपले आहेत का, ते बघा, आणि नसतील तर दुसरं अक्षर मागा. गिऱ्हाईक मागेल तेव्हाच दुकानदार शोधेल. आणि जुन्या पेटीत हातानं लिहिलेलं निमंत्रण, मानपत्र किंवा आजोबांच्या लग्नाची पत्रिका सापडली, तर ती रद्दीत घालू नका. तिचा स्वच्छ फोटो काढा आणि अक्षरांचं काम करणाऱ्या जवळच्या कुणालाही दाखवा.